वासाचा साबण

बाबा,

सकाळची पाळी आहे, म्हणून तुम्हाला न उठवता निघते. मोरीतला वासाचा साबण पाहिला. नवाकोरा होता, चार दिवसांत अर्धा झिजवलात.

चिमीला काही बोलू नका. घरातलं मटण बंद करताना मीच तिच्यासमोर बरळले, की आजोबांच्या हातांना रक्ताचा वास येतो. तेव्हापासून पोरगी तुमच्याजवळ फिरकत नाही. तुमच्या मटणाच्या दुकानावरच मी वाढले, शिकले, आणि माझी जीभ ही अशी!

घरात यापुढेही भाजीच शिजेल, त्यात बदल नाही. पण आज तिला शाळेतून तुम्हीच आणा. दुकानातून तसेच जा, अंघोळ करत बसू नका. तिला बजावलंय, आजोबांचा हात धरल्याशिवाय रस्ता ओलांडायचा नाही.

आणि संध्याकाळी मला चांगलं झापा. गप्प राहू नका, बाबा.