नाशिकची केसर

औरंगाबाद,
८ मे २०१६

चि. सूर्यभान यास थोरल्या बहिणीचा आशीर्वाद.

घरी सगळे बरे असाल असं धरून चालते. कळवायची तुला सवय नाही.

मी बरी आहे. शहागंजात एका टेलरकडं साड्यांना फॉल लावते. शिलाई जेलातच शिकले. मागच्या दुष्काळात आपण दोघं बांधकामावर आलो होतो, ती इमारत आता भरली आहे. तिच्या गॅलऱ्यांत तुळशी दिसतात. तिथं रोज टँकर येतो. टँकरचा हॉर्न ऐकला की मी अजून हातातली साडी बाजूला ठेवते. पाण्याच्या भांडणात ज्यानं तुझा गळा धरला होता त्याला मी ढकललं, तो डोक्यावर पडला आणि उठलाच नाही. शिक्षा भोगून झाली. त्यावर आता काही लिहीत नाही.

रविवारी आम्ही सुटलेल्या बायका एका खोलीत जमतो. मनातलं ओझं हलकं करायला, असं म्हणतात. डॉक्टर कुणी नसतो. नीरजाताई म्हणून एका मॅडमनी लीलाबाईला हे चालवायला शिकवलं आणि त्या बाजूला झाल्या. लीलाबाई आमच्यातलीच, जेल काढून आलेली. पहिल्याच रविवारी घरमालकानं किल्ल्यांचा जुडगा वाजवला, तर आम्ही सगळ्या उठून जोडीजोडीनं भिंतीशी बसलो, आत गिनतीला बसायचो तशा. मग एकमेकींकडं बघून पोट दुखेपर्यंत हसलो. दोघी-तिघी नंतर रडल्या.

तिथं आम्ही मुलाकात घेतो, जेलात घरचे भेटायला येतात तशी. मध्ये जेलातल्या जाळीसारखी जुनी मच्छरदाणी बांधायची. अलीकडं जिची पाळी असेल ती बसते, पलीकडं तिला भेटायला जे कधी आलंच नाही ते माणूस. ते माणूस आमच्यातलीच एक बाई होते. नियम एकच: त्या माणसाला जेवढं ठाऊक होतं तेवढंच तिनं बोलायचं. मी तुला बसवणार होते. काय काय बोलायचं ते पाठ करून ठेवलं होतं.

पण त्याआधी रामेश्वर आला. तुझ्या लेकीच्या, सुकेशनीच्या लग्नाचे कपडे घ्यायला तू त्याला धाडलंस, तो माझ्या दुकानात येऊन उभा राहिला. काकाचा पोरगा, लहानपणी माझ्या ताटात जेवलेला, पण मान वर करेना. म्हणाला, "आक्का, लग्नाला ये म्हनलाय दादा. फक्त कुणी इचारलं तर नाशिकला कामाला व्हते म्हन. आपल्या पाचोडात समद्यांना तेच सांगितलंय."

"मायला?"

"मायला बी तेच."

माय गेल्याचं मला सुटल्यावर कळलं होतं. हे मात्र त्या दिवशी कळलं.

मग रविवारी मी तुला बोलावलंच नाही. मायला बोलावलं. लीलाबाई जाळीपलीकडं बसली. तिला सगळं माहीत होतं, पण मायला माहीत नव्हतं, म्हणून तिनं ते तोंडातून काढलं नाही. पदर सारखा करून म्हणाली, "केसर, नाशिक काय लई लांब हाय व्हय? मी अंथरुणाला खिळले, तुझी वाट बघत व्हते. एवढं कसलं काम व्हतं बाई?"

माय, मी जेलात होते, असं मी पुन्हा पुन्हा म्हणाले. लीलाबाईनं ऐकलं. मायनं कुठं ऐकलं?

तू म्हणशील, अब्रूसाठी केलं. सूर्यभान, जेलातल्या लेकीला मायच्या मरणाला येता येत नाही, हे कुणालाही समजतं. नाशिकच्या लेकीला एस.टी. असते. माय मला निर्दयी समजून गेली. माणूस मेला त्याची शिक्षा मला कोर्टानं दिली, ही तू कशाची दिलीस? मला तुझा इतका राग येतो की सुईत दोरा ओवता येत नाही.

सुकेशनीला मी अंगाखांद्यावर वाढवलं आहे. तिच्या डोक्यावर अक्षता टाकायची मला फार इच्छा आहे. मांडवात पाहुण्यांसमोर तू स्वतः सांग, माझी बहीण जेलात होती, माझा जीव वाचवला म्हणून. सांगणार असशील तर रामेश्वरकडून निरोप धाड, मी पहिल्या गाडीनं येते.

जमत नसेल तर पाहुण्यांना म्हण, तिला नाशिकहून सुट्टी मिळाली नाही. मायला म्हणाला होतास तसंच.

तुझी बहीण
केसर
मुक्काम औरंगाबाद. नाशिक मी अजून पाहिलेलं नाही.