तेराव्याला कागद काढू नये

लिहून ठेवणार: श्रीमती लंकाबाई सोपान कोरडे, वय ७१ वर्षे, धंदा शेती, राहणार बोरी बुद्रुक, तालुका जुन्नर, जिल्हा पुणे. (टाइप करणाऱ्याने धंद्यापुढे 'घरकाम' टाकलं होतं. ते मी खोडायला लावलं आणि पुढचं सगळं स्वतः हाताने लिहायला घेतलं.)

मी पूर्ण शुद्धीवर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हे कोणी फूस लावून किंवा धाक घालून लिहून घेतलेलं नाही. धाक आहे, पण तो हे लिहू नये म्हणून आहे. माझा मुलगा अमृत येत्या सोमवारी मला गाडीत बसवून 'बँकेत केवायसी'ला नेणार आहे. गाडी बँकेत जाणार नाही, हे मला त्याच्याच मुलीने, माझी नात वैष्णवीने सांगितलं. माझ्या जमिनीचं त्याच्या नावाचं बक्षीसपत्र तयार होऊन कपाटात पडलं आहे, फक्त माझी सही आणि ठसे बाकी आहेत. यापुढे त्यावर ते दिसले, तर ते माझ्या मर्जीने केलेले नाहीत असं समजावं. म्हणून आज शुक्रवारी मी डोळे तपासायचं निमित्त सांगून जीपने नारायणगावला आले. नोंदणीच्या कचेरीत साडेतीनचा नंबर आहे. आत्ता दीड वाजला आहे आणि अमृतचे दोन फोन येऊन गेले आहेत.

कलम १. बोरी बुद्रुक येथील गट नंबर ४१२, क्षेत्र एक एकर दहा गुंठे, त्यातील बोअर व मोटरीसह, माझ्या एकटीच्या मालकीचा आहे. म्हातारीकडे जमीन आली कुठून, असा प्रश्न पुढे निघेल म्हणून खुलासा करते. १९९१ साली बायकोच्या नावावर जमीन करा अशी मोहीम निघाली होती. आमच्या गावात देवळासमोर सभा झाली. पुरुषांनी टाळ्या वाजवल्या आणि ते घरी गेले. माझे यजमान एकटेच उठून म्हणाले, "माझ्या नावावर पाच एकर हाय. त्यातलं सव्वा एकर हिचं. ती माझ्यापरीस जास्त राबती." पुढे दोन वर्षं पारावर त्यांना 'लंकाबाईचा सोपान' म्हणत. त्यांनी ते हसण्यावारी नेलं. मला मात्र फार बरं वाटायचं.

कलम २. राहिलेल्या पावणेचार एकराची हकीकत लिहिणं जड जातं, पण ती लिहिल्याशिवाय पुढचं कलम कळणार नाही.

तीस वर्षं मी महिला मंडळाचं काम केलं. टाकलेल्या बायकांच्या पोटगीसाठी कोर्टाच्या पायऱ्यांवर बसले. बायकांसाठी जागा राखीव झाली तेव्हा सरपंच झाले. पहिलं वर्षभर खुर्चीवर यजमान बसत आणि मी आतून चहा पाठवत असे, हेही नोंदवते. पुढे एका ग्रामसभेला मी लवकर जाऊन खुर्चीत बसून राहिले, तेव्हा ती माझी झाली. दारूच्या दुकानाचं मतदान झालं तेव्हा आम्ही बाटली आडवी करून दुकान बंद पाडलं. आणि प्रत्येक सभेत सांगत आले की बायांनो, हक्कसोडपत्रावर सही करू नका.

२०१४ साली यजमान वारले. तेराव्याची जेवणं उठली आणि भावकीतल्या बाळासाहेबांनी पिशवीतून हक्कसोडपत्र काढलं. आमच्याकडे ही रीतच आहे. माणसं जमलेली असतात, साक्षीदार आयते मिळतात आणि रडून थकलेली बहीण नाही म्हणत नाही. माझ्या मुलीने, वृषालीने, माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "कर गं सही. नायतर भाऊ तुटंल." तिने सही केली आणि पावणेचार एकर अमृतचं झालं.

भाऊ तरीही तुटला. तीन वर्षांपूर्वी नवऱ्याने दुसरी आणली तेव्हा वृषाली एक पिशवी घेऊन दारात उभी राहिली. अमृत म्हणाला, "चार दिस ऱ्हा. पण आता तुझं हितं काय हाय?" कागदाप्रमाणे त्याचं बरोबर होतं. आज ती नारायणगावात भाड्याच्या खोलीत राहते आणि टोमॅटोच्या मार्केटात क्रेट भरते. माझे सगळे मोर्चे एकीकडे आणि ते माझं वाक्य एकीकडे. मला त्याची लाज वाटते.

कलम ३. सबब, कलम १ मधील संपूर्ण मिळकत माझ्या पश्चात माझी मुलगी वृषाली हिला मिळावी.

मात्र मी तिला ओळखते. दिवाळीत तिला नुसतं विचारून पाहिलं तर म्हणाली, "आई, मला नको रान. भाऊबीजेला ओवाळायला एक दार तर राहू दे." म्हणजे मी डोळे मिटले की ती पुन्हा सही करणार. म्हणून अट घालते. माझ्या मृत्यूपासून एक वर्षात वृषालीने सातबाऱ्यावर स्वतःचं नाव लावून घ्यावं. न लावल्यास, किंवा त्याआधी हक्क सोडल्यास, ही मिळकत अमृतला न जाता बोरी बुद्रुकच्या महिला मंडळाला जाईल, आणि ती टाकलेल्या बायका कसतील. नाव लागल्यावर तिने जमीन ठेवावी, विकावी, वाटल्यास भावाला द्यावी. तिची मर्जी. पण सातबाऱ्यावर स्वतःचं नाव वाचल्यावर हात इतका सैल राहत नाही, हे मी स्वतःवरून सांगते.

अमृत, तू हे वाचशील तेव्हा चिडशील. पण बांधाला लागून परक्या बायका नको असतील, तर बहिणीच्या खोलीवर तुलाच जावं लागेल, आणि नाव लावून घे म्हणून तुलाच तिची मनधरणी करावी लागेल.

कलम ४. आधी मी मंडळाऐवजी कुशाबाई रामदास रोकडे हिचं नाव लिहिलं होतं. कुशाबाई आमच्या गावच्या बौद्धवाडीतली, मंडळात पहिल्या दिवसापासून माझ्यासोबत, आजही सोबत आली आहे. वाटलं, हे नाव वाचून अमृत जास्त घाबरेल. तिला वाचायला दिलं तर ती म्हणाली, "मला बुजगावणं करती व्हय? तुझ्या पोराला भ्या दाखवाया माझं नाव नगं. त्यो पेटंल, आन निस्तरायचं माझ्या पोरानं, धम्मपालनं."

मी ते नाव खोडलं. दारूबंदीच्या अर्जासाठी घरोघर फिरून सह्या तिने जमवल्या होत्या. अर्जावर पहिलं नाव माझं लागलं, आणि तिच्या वाडीची सगळी नावं शेवटच्या पानावर. ती पानं मीच लावली होती. मी विचारलं, मग तुला काय देऊ? ती म्हणाली, "काय नगं. साक्षीदारात पयलं नाव माझं लिव्ह." तसं लिहिलं आहे.

कलम ५. वृषालीच्या रानाची वाट अमृतच्या रानातून जाते आणि अमृतची पिकं माझ्या बोअरवर आहेत. तो वाट देईल तोवर आठवड्यातले दोन दिवस पाणी त्याचं. वाट अडवली तर पाणी बंद.

कलम ६. मोर्चाचा भोंगा आणि मंडळाच्या वह्या वैष्णवीला. ती मला म्हणते, "आजी, भाषणं बाहेर देतेस आणि घरात पप्पांना आधी वाढतेस." तिचं खरं आहे. वह्यांत अशा आणखी चुका सापडतील, त्या तिने लपवू नयेत.

बाळासाहेबांना काही नाही. त्या दिवशी वृषालीच्या हातात त्यांनी दिलेलं पेन माझ्याकडे राहिलं आहे, ते तेवढं परत करावं. आजची सही मी त्याने करणार नाही.

घर अमृतच्याच नावावर आहे. त्याला मी लहानपणी फार लाडावलं, बहिणीच्या वाटचं दूधसुद्धा त्याला दिलं. त्यामुळे सगळा दोष त्याचा एकट्याचा नाही. त्याच्यावर माझी माया आहे; या कागदावरून ती नाही असं त्याने समजू नये.

कलम ७. माझ्या दहाव्याला किंवा तेराव्याला घरात कोणीही कागद काढू नये. काढल्यास वैष्णवीने भोंग्यावरून हे मृत्युपत्र पहिल्यापासून वाचावं.

अंमलबजावणीसाठी वकील स्नेहल तांबे यांना नेमते. आता तीन वाजून दहा मिनिटं झाली. अमृतचा सातवा फोन वाजतो आहे. वैष्णवीचा मेसेज आला आहे की पप्पा गाडी घेऊन निघाले. पाऊण तासाची वाट आहे. इथे थांबते.

ठिकाण: नारायणगाव
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५

लिहून ठेवणार
(सही) लंकाबाई सोपान कोरडे

साक्षीदार
१. (सही) कुशाबाई रामदास रोकडे, बोरी बुद्रुक
२. (सही) डॉ. आदेश बोऱ्हाडे, नारायणगाव

साक्षीदार क्र. १ यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेला शेरा: वरचं सगळं मी वाचलं. लंकाबाई शुद्धीवर हाय. सही तिनं तिच्या हातानं केली. मी हात धराया गेले तर तिनं धरू दिला नाय.