बाबांच्या आवाजाची लायब्ररी

४ फेब्रुवारी
नाहीच झालं बिल्ड! पहिल्याच ओळीला कोडचा प्रोग्राम करून देणारा कंपायलर अडून बसला — म्हणे फंक्शनांची यादी असलेली हेडर फाइल सापडत नाही. अरे, शेजारच्याच फोल्डरमध्ये आहे की! पण रस्ता सांगितल्याशिवाय या शहाण्याला शेजारही दिसत नाही. सांगितला. लगेच पुढची तक्रार.

ही कोडची लायब्ररी बाबांची. लिफ्टमधल्या घोषणांसाठी त्यांनी सी भाषेत लिहिलेली, आणि आवाजाचे सगळे तुकडे, अक्षर न् अक्षर, त्यांच्याच गळ्यातले. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र गेलं, तेव्हापासून ते पाटीवर लिहून बोलतात. ही जुनी लायब्ररी माझ्या लॅपटॉपवर चालली, तर टाइप केलेलं त्यांच्या आवाजात ऐकू येईल. म्हणून हा सगळा खटाटोप.

५ फेब्रुवारी
दादाचा फोन. "तयार ॲप घे ना, हवा तो आवाज मिळतो." बाबांनी पाटीवर लिहिलं — हवा तोच मिळत नाही.

आई म्हणाली, "उगाच त्यांना आशा लावू नकोस." तिला बोलवायचं तर बाबा ताटलीवर चमचा वाजवतात. तिला ते मुळीच आवडत नाही. त्यांनाही नाही.

८ फेब्रुवारी
सापडलं! तीन दिवस डोकं पिकलं होतं — दुसरं हेडर जागेवर आहे, कंपायलर ते उघडतोय, तरी आतलं एकही फंक्शन त्याला माहीत नाही. चूक बाबांचीच! पहिलं हेडर कॉपी करून दुसरं केलं, पण 'हे एकदा वाचलंय, पुन्हा नको' असं सांगणारी वरची खूण बदलायची राहिली. कंपायलर ती बघतो आणि वाचलीच आहे समजून अख्खी फाइल सोडून देतो. त्या काळचा कंपायलर माहीत नसलेलं फंक्शनही चालवून घ्यायचा.

बाबांना दाखवलं. त्यांनी स्वतःचा कान पकडला आणि लिहिलं — तेव्हा तू तान्ही होतीस, झोप कुठे होती आम्हाला?

खूप हसलो. त्यांच्या हसण्याचाही आवाज येत नाही, हे मी अजून विसरते.

९ फेब्रुवारी
कंपाइल झालं, पण सगळे भाग एकत्र जोडायचं लिंकिंग अडलं! सगळं डोळ्यांसमोर असून लिंकर म्हणतो, नाही.

१० फेब्रुवारी
भाग जोडण्याचा क्रम! मागणारा आधी, देणारा नंतर. लिंकर मागे वळून बघत नाही. फंक्शनं देणारी गणिताची लायब्ररी बाबांनी सगळ्यांत पुढे लिहिलेली. शेवटी टाकली. एकही तक्रार नाही!

उद्या सकाळी त्यांच्यासमोर चालवायचं.

११ फेब्रुवारी
बाबांनी फक्त आईचं लाडाचं नाव टाइप केलं. आवाज थोडा तुटक, लिफ्टमधला. पण त्यांचाच.

आई आत भांडी घासत होती. "आले हो! किती हाका मारता!"

मग नळ बंद झाला.