कॉफीच्या डब्यातली बाद काडतुसं

मी, सौ. सरला जगन्नाथ इंगवले, वय एकोणपन्नास, शिक्षण मराठी चौथी, मूळ गाव कोल्हापूर, हल्ली मुक्काम ईडन प्रेरी, मिनेसोटा, हा कागद स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीवर आणि कोणाचंही न ऐकता लिहीत आहे. न ऐकण्याबद्दल शंका असेल तर माझ्या यजमानांना विचारावं. येत्या मंगळवारी माझ्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात काळजीचं कारण नाही, आणि लगेच चार कागदांवर सह्या घेतात. हा पाचवा कागद माझा. कायद्याची वाक्यं शेजारच्या मीनाक्षीने सांगितली, तिचे वडील साताऱ्याला वकिलाकडे कारकून होते. बाकीची माझी. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. वेळ नव्हता.

कलम पहिले. राहत्या घरातला माझा अर्धा हिस्सा यजमान श्री. जगन्नाथ यांना. बर्फ काढायचं मशीन त्यांनाच. बर्फही त्यांनाच.

कलम दुसरे. पाटल्या आणि ठुशी मुलगी दीपा हिला. तिने त्या मोडू नयेत. ती घालणार नाही हे मला माहीत आहे, तरी मोडू नयेत. बँकेत माझ्या नावावर असेल ते बापलेकीने निम्मं निम्मं घ्यावं.

कलम तिसरे. फ्रीमाँटच्या आमच्या वन्सं, मालिनीताई, दिवाळीला पंधरा माणसांसमोर म्हणाल्या होत्या, "वहिनींना इंग्रजी आकड्यांपुरतंच येतं हो." त्यांना घरातल्या तिन्ही कॅलिपरांची, म्हणजे वस्तू जबड्यात धरून केसभर माप सांगणाऱ्या पट्ट्यांची, इंग्रजी माहितीपुस्तकं द्यावीत. त्यांनी ती सावकाश वाचावीत आणि आकडे आले की मला आठवावं.

कलम चौथे. हत्यारं. बाकीचं भराभर वाचलं तरी चालेल, हे नीट वाचावं.

माझे यजमान पूल बांधणारे इंजिनिअर. इथे आल्यावर त्यांना रायफल क्लबात जाऊन नेम धरायचा नाद लागला. विकतच्या काडतुसांवर त्यांचा विश्वास नाही, म्हणून दर शनिवारी ते तळघरात स्वतः भरतात. वापरलेली पितळेची पुंगळी साफ करायची, बुडाला नवी टिकली बसवायची, मोजून दारू घालायची आणि वर गोळी दाबायची. दाबायला टेबलाला लोखंडी प्रेस ठोकलेला आहे, त्याला हातभर दांडा. गोळी किती आत गेली यावर सगळं अवलंबून. ठरल्यापेक्षा केसभर जास्त आत गेली तर दाब वाढतो आणि रायफल तोंडावर येते. पुलात केसभर कोण बघतं? तीच सवय यजमानांनी तळघरात आणली.

मी लेथवाल्याची मुलगी. चौथीनंतर शाळा सुटली ती वडिलांच्या कारखान्यात बसायला. मला अक्षरांपेक्षा व्हर्नियर, म्हणजे बारीक रेघांचा पोलादी कॅलिपर, लवकर वाचता येतो. वडिलांचा व्हर्नियर मी इथे येताना साड्यांच्या घडीत आणला. यजमान त्याला "तुझ्या माहेरची पट्टी" म्हणतात.

त्यांनी स्वतः आजवर तीन कॅलिपर घेतले. पहिला प्लास्टिकचा. एकच पुंगळी तीनदा मोजली की तीन मापं सांगायचा, आणि यजमान त्यातलं आवडेल ते धरायचे. दुसरा, सुईच्या डायलचा, घ्यायला मी सोबत गेले. दुकानदार सगळं यजमानांशी बोलत होता. मी काचेवरचा एक उचलला, स्वेटरच्या बाहीने जबडे पुसले, मिटले आणि दिव्यासमोर धरला. मधून उजेडाची रेघ दिसली.

"मॅम, दॅट्स नॉट अ टॉय," दुकानदार म्हणाला.

मी दीपाला म्हटलं, "त्याला सांग, हा मिटत नाही."

दीपा तेव्हा बारा वर्षांची. "आई, प्लीज."

"सांग."

तिने सांगितलं. त्याने स्वतः धरून पाहिलं आणि आतून दुसरा आणला. त्या दुसऱ्याने मी दुकानदाराच्याच खिशातलं पेन पाच वेळा मोजलं. पाचही वेळा एकच माप. मग घेतला. परत येताना गाडीत यजमान म्हणाले, "मी पण तोच बघत होतो."

तिसरा आकडे दाखवणारा, बॅटरीचा. गेल्या वाढदिवसाचा. थंडीत गॅरेजमध्ये राहिला की त्याचे आकडे झोपतात. यजमानांना तो फार आवडतो.

आता मुद्द्याचं. सात वर्षांपूर्वी यजमान क्लबातून गाल काळा करून घरी आले. रायफल लाकडी हातोडीने ठोकून उघडावी लागली होती. दोष दारूचा, असं त्यांनी जेवताना ठरवलं. मी तळघरात जाऊन डायलचा कॅलिपर मिटला. सुई शून्यावर येईना. दात्यांत पितळेचा कीस अडकला होता. महिनाभर ते त्यानेच मोजत होते आणि एकदाही मिटून बघितला नव्हता. काळं दोन बोटं वर असतं तर डोळा गेला असता.

मी कीस काढला आणि गप्प बसले. तेव्हापासून दर रविवारी ते आंघोळीला गेले की मी धूळ पुसायच्या निमित्ताने खाली जाते आणि त्यांचं एक-एक काडतूस वडिलांच्या व्हर्नियरने मोजते. बाद असेल ते मापाची चिठ्ठी लावून कॉफीच्या डब्यात. खोक्यात जागा रिकामी दिसू नये म्हणून तिथे मी भरलेलं ठेवते. हो, मी भरते. इतकी वर्षं बघून कोणालाही येईल.

मागच्या वर्षी त्यांना क्लबाचा कप मिळाला. त्या दिवशी उडवलेल्या पन्नास काडतुसांतली अकरा माझी होती. कपातला माझा वाटा मी त्यांनाच देते.

हे दीपाला मी उन्हाळ्यात सांगितलं. ती म्हणाली, "व्हाय डोन्ट यू जस्ट टेल हिम?" मी म्हटलं, "सांगितलं असतं तर त्यांनी भरणं सोडलं असतं, आणि दर शनिवारी माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसले असते." ती हसली. पण आता मला हसू येत नाही. मंगळवारनंतर रविवारी खाली कोण जाणार?

म्हणून व्यवस्था अशी. प्रेस यजमानांना. प्रेसचा दांडा आणि वडिलांचा व्हर्नियर दीपाला. तिने मिनिआपोलिसहून महिन्यातल्या एका शनिवारी दांडा घेऊन यावं. बापाने भरावं, तिने मोजावं. दांडा तिथे ठेवून जाऊ नये, त्यांनी कितीही गोड बोललं तरी. फोनवर हे ऐकून दीपा म्हणाली, "आई, दॅट्स सो मीन." असू दे. कॉफीचा डबा चिठ्ठ्यांसकट यजमानांना द्यावा. रागावायला मी नसेन, ही माझी सोय.

कलम पाचवे. माझ्या मागे जेवण साधं करावं. मीनाक्षीने पुरणपोळ्या करू नयेत. तिला जमत नाहीत, आणि हे तिनेच मला सांगितलेली कायद्याची वाक्यं वापरून लिहीत आहे.

पुरवणी, रविवार. वरचा कागद मी काल चिवड्याच्या डब्याखाली ठेवला. ही माझी चूक. या घरात चिवड्याचा डबा कोण उचलतं हे मला माहीत असायला हवं होतं. सकाळी यजमान आंघोळीला गेलेच नाहीत. काल भरलेली वीस काडतुसं आणि डायलचा कॅलिपर घेऊन माझ्यासमोर बसले.

"अकरा?"

"अकरा."

"शेवटचा नेम... अगदी मधोमध लागलेला?"

"तो माझा. खोक्याच्या शेवटच्या घरात मी भरलेलं होतं."

त्यांनी कॅलिपर उचलला. मग बनियनने जबडे पुसले, मिटले, खिडकीकडे धरून पाहिले, सुई पाहिली. माझ्याकडे न बघता वीसच्या वीस मोजली. तीन बाजूला काढली. नंतर मी वडिलांच्या व्हर्नियरने मोजली. दोन खरंच बाद होती. तिसरं केसाचाही फरक नसलेलं.

"अहो, हे बरोबर आहे."

"असेल. मला शंका आली."

सव्वीस वर्षांच्या संसारात हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं.

सबब कलम चौथे असं बदलावं. दांडा प्रेसलाच राहू दे. व्हर्नियर यजमानांना, त्यांच्यानंतर दीपाला. दीपाने शनिवारी यावंच, पण जेवायला. ते तिसरं काडतूस मी खिडकीत ठेवलं आहे. मी परत आले की दोघं मिळून पुन्हा मोजणार आहोत. न आल्यास त्यांनी एकट्याने मोजावं. बरोबर निघेल.

यजमान साक्षीदार व्हायला तयार होते. ज्याला मिळतं त्याची साक्ष चालत नाही, असं मीनाक्षीने सांगितल्यावर ते चिवडा घेऊन खाली गेले.

आमच्यासमोर सरलावहिनींनी वाचून, दोनदा खोडून, सही केली:
१. प्रताप सरनोबत, शेजारी (सही)
२. सौ. मीनाक्षी प्रताप सरनोबत (सही, कलम पाचवे अमान्य)

सौ. सरला जगन्नाथ इंगवले (सही)
ईडन प्रेरी, मिनेसोटा
रविवार, १९ ऑक्टोबर १९८६