‘पाहिले, समाधान वाटले’ या शेऱ्याबाबत

ती. मामा,

नमस्कार. मामींचा खोकला थांबला असेल आणि तुमचा चष्मा सापडला असेल, असं धरून चालते. (सापडला नसेल तर आधी तो शोधा, कारण हे पत्र तुम्ही स्वतः वाचायला हवं.) घडलं ते क्रमाने लिहिते, म्हणजे पुढे रागावताना तपशील सुटणार नाही.

१. तीन तारखेला मी गाडीच्या शोरूममध्ये एकटी गेले. एक प्रश्न विचारला. उत्तर मिळालं नाही.
२. दहा तारखेला तुम्हाला घेऊन गेले. उत्तर मिळालं.
३. त्याच दिवशी तुम्ही एका कागदावर सही केलीत.
४. काल कळलं, की येणारी गाडी वेगळीच आहे.
५. शोरूम म्हणते, बदल हवा असेल तर सरांना आणा. सर म्हणजे तुम्ही. गाडी माझ्या नावावर आहे.

प्रश्न साधा होता : जमिनीपासून सीटची उंची किती? आईच्या खुब्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी सांगितलंय, की छप्पन्न सेंटिमीटरपेक्षा खालच्या जागी तिने बसायचं नाही. पाच महिन्यांपूर्वी तपासणीहून परतताना ती टॅक्सीत बसली आणि तिला उठताच येईना. टॅक्सीवाला आणि रस्त्यावरचे दोन अनोळखी गृहस्थ तिला काखेत हात घालून बाहेर काढत होते आणि ती त्या तिघांची माफी मागत होती. त्या दिवसापासून ती फाटकापलीकडे गेलेली नाही. विचारलं तर म्हणते, ‘मला कुठे जायचंय?’ गाडी मी त्यासाठी घेतेय. मला वेग नको, रुबाब नको, छताला खिडकी नको. छप्पन्न सेंटिमीटर हवेत.

पहिल्या दिवशी जो विक्रेता वाट्याला आला (त्याचा टाय त्याच्यापेक्षा जरा मोठा होता, म्हणून यापुढे टायवाला) त्याने आधी माझ्या मागे पाहिलं. मागे कोणी नव्हतं. ‘सर पार्किंगला गेलेत का?’ मी म्हटलं, सर नाहीत. त्यावर त्याने दुःखद बातमी ऐकल्यासारखा चेहरा करून मला पाणी दिलं. मी उंची विचारली, त्याने सात रंग सांगितले. पुन्हा विचारली, तेव्हा म्हणाला, ‘मॅडम, तुम्ही बसून फील घ्या ना.’ मी दिवसभर दुकानांतले आणि कारखान्यांतले वजनकाटे तपासते. पाच ग्रॅमचा फरक निघाला तर सील ठोकत नाही. माझ्या कामात फील नावाचं एकक नाही. मग मी पर्समधून टेप काढला, तर तो दोन्ही हात पसरून गाडीच्या आडवा आला. ओरखडे पडतील म्हणे. (टेप कापडी होता.)

म्हणून दहा तारखेला तुम्ही. काम एवढंच होतं, की सर दिसावेत. तुम्ही दिसलात, आणि काय दिसलात! कोट घालून आलात. टायवाल्याने खुर्ची ओढली, आतून मॅनेजर आले, आणि तोच प्रश्न तुम्ही विचारल्यावर अर्ध्या मिनिटात छापील तक्ता हजर झाला. साधं मॉडेल एकोणसाठ सेंटिमीटर, स्पोर्ट मॉडेल साडेचोपन्न. साधं घ्यायचं, असं आपलं तिथेच ठरलं. मी गाडीजवळ जाऊन आकडा पडताळून पाहत होते (सर आल्यावर ओरखड्यांचा प्रश्न मिटला होता), आणि तेवढ्यात त्यांनी तुम्हाला फिरत्या चौथऱ्यावरची लाल गाडी दाखवायला नेलं.

आता इथे मला तुमच्या नोकरीबद्दल बोलणं भाग आहे. तुम्ही एकतीस वर्षं शाळा तपासल्यात. हेडमास्तर पुढे चालणार, तुम्ही मागे हात बांधून, दाखवतील ते पाहून ‘वा, छान’ म्हणणार, आणि शेवटी चहाबरोबर शेरेबुक समोर येणार. टायवाल्याला यातलं काही ठाऊक नव्हतं, तरी त्याने नेमकं तेच केलं : लाल गाडी दाखवली, चहा मागवला आणि फॉर्म पुढे सरकवला. तुम्ही ‘ग्राहकाची पसंती’ या रकान्यात लिहिलंत, ‘पाहिले. व्यवस्था उत्तम. समाधान वाटले.’ खाली सही, तारीख आणि दोन रेघा. मामा, ती लाल गाडी स्पोर्ट मॉडेल होती.

काल मी फोन केला, तेव्हा टायवाला आनंदाने म्हणाला, ‘सरांची लाल स्पोर्ट निघाली!’ मी तडक गेले. मॅनेजरने फॉर्म दाखवला. (मूळ प्रत फाइलमध्ये आहे. रंगीत प्रत काचेत घालून भिंतीवर लावली आहे. असा अभिप्राय शोरूमला आजवर मिळाला नव्हता म्हणे.) मी म्हटलं, गाडी माझी, कर्ज माझं, मॉडेल बदला. ते अजिजीने म्हणाले, ‘बदलू की, पण सरांना वाईट वाटेल. त्यांचा होकार आणा.’ त्याच फॉर्मवर माझ्या चार सह्या आहेत. चारांचं वजन तुमच्या दोन रेघांएवढंही भरलं नाही. टायवाल्याने वर तोडगा सुचवला : ‘दीडच सेंटिमीटरचा प्रश्न आहे ना? जाड सीटकव्हर टाकून देतो.’ मी सरळ बाहेर पडले. तोंड उघडलं असतं तर भिंतीवरची काच टिकली नसती.

तेव्हा आता तुम्हीच निस्तरा. त्याच अक्षरात, त्याच शाईने एक ओळ लिहून पाठवा : ‘फेरतपासणी केली. लाल गाडी असमाधानकारक. साधे मॉडेल द्यावे.’ असमाधानकारक हा शब्द तुम्ही एकतीस वर्षांत एकदाही लिहिलेला नाही, हे मामींनी मला सांगितलंय. एकदा लिहून बघा. हात दुखणार नाही. सहीखाली दोन रेघा विसरू नका.

तुमची भाची

ता. क. आईने हे पत्र वाचून विचारलं, की तुझ्या चार सह्यांतली एक कुठे आहे. सांगते. ती तुमच्या शेऱ्याच्या बरोब्बर खाली आहे. मॉडेलचा रकाना दोन बोटं वर होता, आणि मी तो वाचला नाही. तुमचं अक्षर दिसलं, आणि लहानपणी तुम्ही माझी गणिताची वही तपासून परत द्यायचात तसं वाटलं. हे टायवाल्याला कळू देऊ नका.

ता. क. २. साधी गाडी आली की पहिल्यांदा कुठे जायचं, असं मी आईला विचारलं. या वेळी ती ‘मला कुठे जायचंय’ म्हणाली नाही. म्हणाली, ‘दादाकडे.’ तेव्हा त्या ओळीसोबत हेही लिहा : गाडी तुमच्या दारापर्यंत येते का, पायऱ्या किती, प्रत्येकीची उंची किती, आणि तुमची खुर्ची जमिनीपासून किती. अंदाज नको, मोजून. गुरुवारपर्यंत उत्तर पाठवा.