दोनशे तेहेतीसच्या पुढे

आप्पा, तुम्ही मला फसवलंत. आणि हे कळायला माझी स्वतःची लेक लायसन्स काढण्याएवढी मोठी व्हावी लागली. तुम्हाला जाऊनही आता इतकी वर्षं झाली, भांडायचं तरी कुणाशी?

शिरूरला असताना शाळेत जायला सायकल हवी म्हणून मी तुमचं डोकं खायचे. तुम्ही गणिताचे मास्तर, सरळ नाही म्हणाल तर शपथ! फरशीवर खडूनं ओळीनं सात वेळा एक लिहिलंत, अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा, आणि म्हणालात, "एक आन् ती स्वतः सोडून, हिला कशानंबी पुरता भाग घालून दाव. सायकल तुझी." मग रोज शाळेतून आलं की मी फरशीवर पालथी. तीन, सात, अकरा, तेरा, एकेक मूळ संख्या घेत पुढे सरकायची, आणि दर वेळी काहीतरी बाकी उरायचीच. तुम्ही शेजारी चहा पीत बसलेले. माझा भागाकार संपायच्या आत पुढचा तुमच्या मनात झालेला असायचा, ही तुमची खोड घरात सगळ्यांना माहीत. बाहेर नगर रोडवर एखाद्या ट्रकचा हॉर्न वाजला की तुम्ही आधी मी कुठे आहे ते बघायचात. दोनशे तेहेतीसला बाकी एकशे सदुसष्ट उरली. मी पुढची संख्या लिहायला वाकते आहे आणि तुम्ही माझ्या हातातला खडू काढून घेता. "बास झालं, पोरी. मूळ संख्या हाय ती. न्हाई जायाचा भाग." मी मुकाट्यानं ऐकलं, आणि शाळा संपेपर्यंत वडापच्या जीपमध्ये कोंबून घेत राहिले.

आता मी दौंडला असते. लेकीला कॉलेजला जायला स्कुटी हवी. पाटसच्या रस्त्यावर कारखाना सुरू झाला की उसाचे दोन-दोन ट्रेलर लावलेले ट्रॅक्टर, मागे दिव्याचा पत्ता नाही. नाही म्हणून म्हणून मी थकले. शेवटी तुमचीच पैज लावली, तुमच्याच संख्येवर, भाग जाणारच नाही या भरवशावर. काल ती कागद नाचवत आली. "मम्मी, गेला की भाग! दोनशे एकोणचाळीसनं. बाकी शून्य. चल आता शोरूमला."

दोनशे तेहेतीसनंतरची मूळ संख्या हीच, आप्पा. माझा एकच भागाकार राहिला होता, आणि तो तुमच्या मनात झालेला होता. हातचा चुकला तर पोरांना छडी देणारा माणूस, आणि पोटच्या पोरीला धडधडीत खोटं गणित सांगता? ट्रकांची भीती वाटते, एवढं तोंडानं म्हणायला काय झालं होतं? मी रडले असते, भांडले असते, पण ऐकलं असतं. बहुतेक नसतंच ऐकलं.

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच, म्हणून सांगून टाकते. लेकीला मी म्हटलं, ती नुसती रंगीत तालीम होती, आता ओळीनं एकोणीस वेळा एक. ती कालपासून भाग घालत बसली आहे. या खेपेला मी आधीच खात्री करून घेतली, आप्पा. भाग जात नाही.