ओट्याची उंची

मी, खाली सही करणारी, वय त्रेपन्न, अविवाहित, पूर्वी व्यावसायिक बास्केटबॉल खेळाडू आणि सध्या शाळेतल्या मुलींची प्रशिक्षक, हे मृत्युपत्र माझ्या राहत्या घरी, अक्कलहुशारीने आणि स्वतःच्या मनाने लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणील असे माणूस आता या घरात उरलेले नाही. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यात माझे डोके ठीक आहे आणि उजवा गुडघा ठीक नाही असे म्हटले आहे. दोन्ही खरे आहे.

वकीलबाईंनी नमुन्याचा कागद दिला तेव्हा त्या म्हणाल्या, "कोणाला काय, एवढंच लिहा. का, ते लिहायची गरज नसते." पण मला तेच लिहायचे आहे. माझ्या खेळाबद्दल वर्तमानपत्रांत पुष्कळ छापून आले. माझ्या थोरल्या बहिणीबद्दल, म्हणजे ताईबद्दल, कुठेच काही नाही. म्हणून ते येथे आहे.

कलम पहिले. मागच्या अंगणातली रिंग, बोर्ड आणि लोखंडी खांब.

हे सर्व माझ्या शाळेच्या संघाला द्यावे.

ही रिंग वडिलांनी करून घेतली ती ताईसाठी. खेळायला आधी ती लागली. मी तिच्याहून चार वर्षांनी लहान, पण उंचीत लवकरच तिच्या पुढे गेले. गल्लीत मला शिडी म्हणत. जळमटे काढायची असली की आई झाडू माझ्या हातात द्यायची आणि म्हणायची, "देवाने फुकट शिडी दिलीय, मग दुकानातून कशाला आणू?" पुढे मला बघायला आलेल्या एका मुलाच्या आईने मला उभे राहायला सांगितले, आणि मी उभी राहिल्याबरोबर म्हणाली, "बस बाई, बस." लग्नाचा विषय साधारण तिथेच संपला.

बास्केटमध्ये चेंडू टाकण्याचा सराव एकटीने नीट होत नाही. एकीने टाकायचा आणि दुसरीने रिंगखाली उभे राहून, खाली आलेला चेंडू धरून परत द्यायचा. थोड्या वेळाने जागा बदलायच्या. आम्हा दोघींचेही तसेच ठरले होते. पण जागा बदलायची वेळ आली की मी म्हणायचे, "ताई, अजून थोडंसं," आणि ती म्हणायची, "बरं, टाक." मग दिवस मावळायचा. रिंगखालून ती सारखी बोलत असायची. "कोपर आत घे. माझ्याकडे काय बघतेस, मी काय रिंग आहे?" आणि सगळ्यात जास्त वेळा, "डावीकडून जा गं शिडे, डावीकडून! तू उजवीकडून येणार हे आंधळ्यालासुद्धा कळतं." माझा डावा हात कच्चा होता. तो कच्चाच राहिला. ताईचे दोन्ही हात पक्के होते.

क्लबने निवड चाचणी ठेवली तेव्हा आम्ही दोघी गेलो. जागा एकच होती. तिथले प्रशिक्षक ताईला म्हणाले, "खेळ तुला जास्त कळतो. पण उंची काही शिकवता येत नाही." परतताना ताई हसत होती. म्हणाली, "चला, आपल्या घरची शिडी एकदाची कामाला लागली." वडील त्याच वर्षी वारले होते. ताई औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी राहू लागली आणि मी खेळू लागले. मला पगार मिळू लागल्यावर तरी मी तिला म्हणायला हवे होते की आता तू टाक, मी रिंगखाली उभी राहते. एकदाही म्हणाले नाही.

कलम दुसरे. शेजारच्या काकांच्या आवारात गेलेले चेंडू.

भिंतीवरून पलीकडे गेलेला एकही चेंडू काकांनी कधी परत दिला नाही. मागायला गेले की म्हणत, "कसला चेंडू? इथे भोपळे लागतात." ते सर्व चेंडू मी त्यांनाच देते, म्हणजे त्यांच्या मनाला टोचणी नको. याआधी मी त्यांच्याबद्दल बरेच वाईट बोलले आहे. पण ताई गेल्यावर ते एकदा फाटकाशी आले आणि म्हणाले, "हल्ली आवाज येत नाही." तेव्हापासून माझा राग उरला नाही.

कलम तिसरे. बूट व इतर सामान.

माझे बूट कोणालाही होणार नाहीत. ते कोपऱ्यावर बूट दुरुस्त करणाऱ्या मामांना द्यावेत. तळव्यांचे रबर त्यांच्या कामी येईल. ते दरवेळी विचारत, "बाई, हे बूट आहेत की होड्या? शिवू की वल्हवू?" आणि पैसे मात्र एकाच जोडाचे घेत. गुडघ्यातले स्क्रू माझ्याबरोबरच जातील. त्यावर कोणी हक्क सांगू नये.

कलम चौथे. अंतिम सामन्याचे पदक.

हे आमच्या संघाच्या मॅनेजरबाईंना द्यावे. त्या नको म्हणतील. तरी द्यावे.

मी कर्णधार असताना एक नियम केला होता. आमच्या एका नव्या मुलीला सामन्याच्या तोंडावर घरून फोन आला की आजोबा आजारी आहेत. मैदानात तिला चेंडूच दिसेना. आम्ही हरलो, आणि आजोबा आठवड्याभरात हिंडू-फिरू लागले. त्यानंतर मी ठरवले की सामन्याच्या दिवशी मैदानावर आले की सगळ्यांचे फोन मॅनेजरबाईंच्या पिशवीत जातील, आणि घरची बातमी बरी असो वा वाईट, सामना संपल्यावरच सांगायची. मॅनेजरबाईंनी विचारले, "कोणाचीही बातमी?" मी म्हणाले, "कोणाचीही. माझीसुद्धा." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

अंतिम सामना दूरच्या शहरात होता आणि ताई रुग्णालयात होती. सकाळी मी फोन केला तेव्हा म्हणाली, "तू खेळ गं. मी काय पळून जातेय? टीव्ही लावून ठेवायला सांगितलाय." तिने खरोखरच पूर्वार्ध पाहिला. मध्यंतर झाले तशी माझ्या भाचीला म्हणाली, "आता लाव फोन. आता मोकळी असेल." भाचीने लावला. फोन मॅनेजरबाईंनी घेतला. भाचीने त्यांना सांगितले की आईला धाप लागली आहे, डॉक्टर जवळ उभे आहेत, आणि आईला मावशीशी दोन शब्द बोलायचे आहेत.

मॅनेजरबाई आमच्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. पिशवी त्यांनी छातीशी धरली होती. मी फळ्यावर पुढचा डाव समजावून सांगत होते. मी त्यांचा चेहरा पाहिला. त्या बोलल्या नाहीत, कारण नियम होता. मी विचारले नाही, कारण विचारले असते तर त्यांनी सांगितले असते. मी फळ्याकडे वळले आणि डाव पूर्ण केला.

त्या दिवशी मी जन्मात खेळले नव्हते इतकी चांगली खेळले. लोक अजून रस्त्यात थांबवून त्या सामन्याबद्दल बोलतात आणि मी आभार मानते. ताई सामना संपायच्या आत गेली. भाची हातात फोन धरून बसली होती आणि समोर टीव्हीवर मी चषक डोक्यावर धरून हसत होते.

घरी पोचले तेव्हा भाचीने विचारले, "मावशी, तुला मध्यंतरात कळलं होतं?"

मी म्हणाले, "काय बातमी आहे ते नव्हतं कळलं. बातमी आहे, हे कळलं होतं."

"मग झालं," ती म्हणाली, आणि आईचे कपडे घेऊन गेली. त्यानंतर ती या घरात आलेली नाही. ताईला काय बोलायचे होते ते तिला ठाऊक आहे. मी विचारलेले नाही. विचारण्याचा हक्क मी त्या फळ्यापाशी गमावला.

मॅनेजरबाई भेटल्या की अजून माझी क्षमा मागतात. त्यांचा काही दोष नाही. नियम माझा होता. पदक त्यांना अशासाठी की ते पाहून ज्यांना आनंद होणार नाही अशा माझ्याखेरीज त्या आणि भाची दोघीच आहेत, आणि भाचीच्या हाती मी ते कसे देऊ?

कलम पाचवे. स्वयंपाकघरातला ओटा.

हे घर मी खेळाच्या कमाईतून बांधले, आणि बांधताना फक्त स्वतःचे माप धरले. दारे उंच, आरसे उंच, फडताळे उंच. ओटाही गवंड्याने माझ्या कोपराच्या मापाने बांधला. ताईचे यजमान गेल्यावर ती मुलीला घेऊन माझ्याकडे राहायला आली. मी वर्षातले निम्मे दिवस बाहेरगावी. घर तिनेच चालवले, दुकान सांभाळून. ओटा तिच्या छातीशी यायचा. तिने सुताराकडून एक लाकडी ठोकळा करून घेतला आणि त्यावर उभी राहून ती भाजी चिरायची, भांडी घासायची. मी एकदा म्हणाले, "ताई, ओटा खाली घेऊ या." ती म्हणाली, "राहू दे गं. जन्मात कधी नव्हे ती तुझ्याएवढी झालेय." मी हसले आणि राहू दिले. पुढच्या हिवाळ्यात ती त्या ठोकळ्यावरून घसरली. मनगट बरे व्हायला फार दिवस लागले. तेव्हाही मी दौऱ्यावर होते आणि तेव्हाही ओटा राहिला.

माझ्या पश्चात हा ओटा फोडून ठोकळ्याच्या उंचीइतका खाली घ्यावा. ठोकळा टाकून देऊ नये.

कलम सहावे. घर व बँकेतील ठेव.

हे दोन्ही माझ्या भाचीला, ताईच्या एकुलत्या एक मुलीला, कोणत्याही अटीशिवाय द्यावे. वकीलबाईंनी तिला तसे कळवले तेव्हा ती म्हणाली, "मला त्या घराची वीटसुद्धा नको." ते मला मान्य आहे. मी हे भरपाई म्हणून देत नाही. याची भरपाई होत नाही एवढे मला समजते. घर तिच्या आईने चालवले, म्हणून ते तिचे. तिने नाकारल्यास तिला कारण विचारू नये. मग हे घर व ठेव माझ्या शाळेकडे जावी आणि बाहेरगावाहून खेळायला येणाऱ्या मुलींनी येथे राहावे. या सर्वाची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी.

पुरवणी, सह्यांच्या दिवशी माझ्या हाताने लिहिलेली.

वरील मजकूर टाइप झाला होता. साक्षीदार म्हणून मी डॉक्टर आणि मॅनेजरबाई यांना बोलावले होते. पण वकीलबाई म्हणाल्या की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. झाल्यास त्याचे जे असेल ते जाते. म्हणजे मॅनेजरबाई पदकामुळे बाद. शेजारच्या काकांना हाक मारली तर तेही चेंडूंमुळे बाद. काका म्हणाले, "भोपळे होते म्हणून सांगतो की."

हे चालले असतानाच भाची आली. वकीलबाईंनी मसुदा तिलाही पाठवला होता, हे मला माहीत नव्हते. ती बसली नाही. म्हणाली, "दुसरी सही मी करते."

वकीलबाई म्हणाल्या, "अगं, घर तुझ्या नावे आहे. तू साक्षीदार झालीस तर तुझा हक्क जाईल."

"कळतं मला. म्हणूनच करतेय."

मग तिने माझ्याकडे पाहिले. "मावशी, हे पाचवं कलम कोणाच्या डोक्यातून निघालं?"

"माझ्याच."

"मेल्यावर ओटा खाली घेणार? मेल्यावर तिथे भाजी कोण चिरणार, तुझं भूत? त्याला तरी उंचच लागेल."

डॉक्टर हसले. ती स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याखालून ठोकळा ओढून त्यावर उभी राहिली. तिचे कोपर ओट्याला बरोबर आले. ती हुबेहूब आईच्या उंचीची आहे, हे मी विसरले होते.

पाठ माझ्याकडे ठेवूनच ती म्हणाली, "आईला एवढंच सांगायचं होतं. 'उजवीकडून सगळ्या वाट अडवून उभ्या आहेत, शिडीला म्हणावं डावीकडून जा.'"

त्या दिवशी उत्तरार्धातही मी दरवेळी उजवीकडूनच गेले होते. आम्ही जिंकलो म्हणून ते कोणाच्या लक्षात आले नाही. ताईच्या आले असते. हे मी भाचीला सांगितले. ती म्हणाली, "आलं होतं. शेवटपर्यंत चिडली होती तुझ्यावर." आणि ठोकळ्यावरून उतरली.

जाताना म्हणाली, "रविवारी गवंडी घेऊन येते. त्याच्या वेळेचा भरवसा नाही, निघताना फोन करीन. उचल."

मी म्हणाले, "उचलते."

यास्तव पाचवे कलम रद्द समजावे. ते काम माझ्या हयातीत होत आहे. घर व ठेव सहाव्या कलमाप्रमाणे शाळेकडे जाईल. ठोकळा भाची आज सोबत घेऊन गेली. तो मी तिला हाताने दिला आहे, मृत्युपत्राने नव्हे. मापासाठी ती तो रविवारी परत आणणार आहे.

ठिकाण: राहते घर, स्वयंपाकघर.
दिनांक: १४ मार्च, शुक्रवार.

मृत्युपत्र करून देणारी: (सही)

साक्षीदार पहिले, घरचे डॉक्टर: (सही) मृत्युपत्र करणारीने माझ्यासमोर, पूर्ण शुद्धीत सही केली आहे.

साक्षीदार दुसरी, भाची: (सही) मृत्युपत्र करणारीने माझ्यासमोर सही केली. मला यातून काहीही मिळत नाही, हे समजून सही करत आहे. ओट्याला माप माझे घ्यावे.